मगनवाडीचा विचार, वनकुसवड्याचा वारा

वर्धा जिल्ह्यात पवनचक्क्यांचं रान नाही, आणि याचं कारण साध्या गणितात आहे. वाऱ्याची ताकद त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला 4 मीटरऐवजी 6 मीटर वारा असेल, तर त्यातली ऊर्जा दीडपट नव्हे, जवळजवळ साडेतीन पट होते. वर्ध्याच्या सखल कपाशीच्या रानात असा वारा नियमानं मिळत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर, सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या उघड्या सड्यावर तो मिळतो.

तरीही या कहाणीचं एक टोक वर्ध्यातच आहे. 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथं सुरू झाला. त्याच्या मगनवाडी या केंद्रासाठी उद्योगपती जमनालाल बजाज यांनी आपली बाग दिली. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी तिथं जे अर्थशास्त्र मांडलं, त्यात एक फरक ठळक आहे: कोळसा, तेल, खनिज हे साठे, उपसले की संपणारे; पाणी, वारा, ऊन हे प्रवाह, वापरूनही उरणारे. साठ्यावर उभ्या अर्थव्यवस्थेत ताब्यासाठी भांडण होतं, हे त्यांनी ओळखलं होतं. ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हे त्यांचं पुस्तक 1945 चं.

त्याच 1945 मध्ये आजच्या बजाज ऑटोचं मूळ असलेली कंपनी स्थापन झाली. जमनालाल 1942 मध्येच गेले होते. पुढे 2000 च्या आगेमागे त्यांच्या घराण्याच्या या कंपनीनं वनकुसवडे परिसरात 138 पवनचक्क्या उभ्या केल्या, एकूण 65.2 मेगावॅटच्या. म्हणजे यंत्रामागे सरासरी अर्धा मेगावॅटही नाही. आज एकेक यंत्र तीन मेगावॅटचं असतं. बजाज समूहाच्या विभाजनानंतर हा प्रकल्प बजाज फिनसर्व्हकडे गेला.

त्या काळात कारखानदार वाऱ्याकडे वळले, त्यात पर्यावरणाच्या ओढीपेक्षा कराचा वाटा मोठा होता. यंत्राची संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवता येई. पुढे ती मर्यादा 80 टक्के झाली. पवनचक्क्या उभारणाऱ्या सुझलॉन कंपनीचा डोलारा याच करसवलतीवर वाढला. सुरतेत कापडाचा धंदा करणारे तुलसी तांती विजेच्या बिलाला कंटाळून पवनचक्कीकडे वळले आणि 1995 मध्ये त्यांनी ही कंपनी काढली. जागा शोधणं, जमीन, रस्ते, यंत्र, जोडणी, देखभाल हे सगळं एकाच हाती देण्याची त्यांची पद्धत होती. गिऱ्हाइकानं फक्त पैसे गुंतवायचे. उद्योग म्हणून ही मोठीच कर्तबगारी. पण मालक पुण्या-मुंबईत आणि सडा साताऱ्यात, ही रचनाही त्यातूनच पक्की झाली.

सड्यावर झालेले बदल कमी लेखू नयेत. सातारा जिल्ह्यातल्याच चाळकेवाडीच्या पठारावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चार पटींनी कमी आढळले आणि त्यामुळे सरड्यांची संख्या वाढली. पाती फिरू लागली की पठाराचं अन्नजाळंही बदलतं.

विजेचा हंगामही पाहायला हवा. महाराष्ट्रात वारा जूनपासून सप्टेंबरपर्यंत जोरात असतो. वर्ध्यातल्या शेतकऱ्याला पंप हवा असतो तो पुढे, गहू-हरभऱ्याच्या दिवसांत. म्हणून त्याच्या शेतासाठी सौर वीज हा अधिक सरळ मार्ग आहे, आणि 2017 पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच दिशेची आहे.

जुन्या पवनचक्क्यांचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं. ते आता संपत आलं आहे. सर्वांत चांगला वारा याच जुन्या जागांवर आहे, आणि तिथं मोठी यंत्रं बसवण्यासाठी केंद्र सरकारनं डिसेंबर 2023 मध्ये धोरण आणलं. माझ्या मते कुमारप्पांचा प्रश्न इथं करारात उतरला पाहिजे: वारा हा प्रवाह असेल, तर मालकी साठ्यासारखी एकाच्याच मुठीत का राहावी? नवे करार होतील तेव्हा पठारावरच्या ग्रामसभांना एकदाच मिळणाऱ्या मोबदल्याऐवजी दर युनिटमागे वाटा लिहून द्यावा. यंत्र बदलण्यापूर्वी, करार कोरा असतानाच, हे करणं सोपं आहे.