मामंजींचं लेथचं दुकान : विकायचं, चालवायचं की बंद करायचं?

आज आम्ही दोघी जावा तुमच्याशी बोलणार आहोत. विषय आमच्या घरचा आहे, पण आज ना उद्या तो तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या घरात येणार आहे. कुणाच्या सासऱ्यांची पिठाची गिरणी असेल, कुणाच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, कुणाच्या मामाचं वेल्डिंगचं. आमच्याकडे लेथचं. माणूस थकला, मुलं दुसऱ्या वाटेला लागली, मग दुकानाचं करायचं काय?

आमचे मामंजी तरुणपणी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नरचं काम शिकले. गावी येऊन त्यांनी एक सहा फुटी लेथ टाकला, पुढं ड्रिल मशीन घेतलं, जुना शेपर घेतला. आमचा भाग उसाचा. गुऱ्हाळाच्या चरख्याचं काम, पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, बुश, सगळं त्यांच्याकडं यायचं. आता वय चौऱ्याहत्तर. गेल्या हंगामात दोन शाफ्ट मापापेक्षा बारीक झाले, माल भरून द्यावा लागला. मग एक दिवस चक आवळायची चावी चकमध्येच राहिली आणि मशीन सुरू झालं. चावी उडाली ती हाताखालच्या गड्याच्या कानाजवळून गेली. त्या संध्याकाळी मामंजी जेवले नाहीत.

घरात बोलणं सुरू झालं. थोरलीचे मालक पुण्याला असतात. ते फोनवर म्हणाले, "भंगारात घाला आणि जागा भाड्यानं द्या." धाकटीचे मालक म्हणाले, "मला शेतीतनं सवड नाही." मामंजी गप्प. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तीस वर्षं उधारी मी वसूल केली, कामाला येणाऱ्या पोरांना मी जेवायला घातलं. मला कुणी विचारलं का?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळे एकाच प्रश्नावर अडलो होतो, विकायचं की नाही. पण दुकान ही एक गोष्ट नसते. त्यात चार गोष्टी असतात : जागा, यंत्रं, येणं-देणं आणि माणसं. चारही गोष्टींचा निर्णय वेगवेगळा होऊ शकतो. हे समजल्यावर घरातलं भांडण निम्म्यानं कमी झालं.

आधी यादी करा, आणि ती त्यांच्यासोबत करा

आम्ही वही-पेन घेऊन चार दिवस दुकानात बसलो. मामंजी सांगायचे, आम्ही लिहायचो. त्यांच्याशिवाय ही यादी झालीच नसती. कोपऱ्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेला डबा होता. आम्हाला वाटलं जुनं लोखंड. त्यात मायक्रोमीटर, व्हर्निअर, टॅप आणि डाय निघाले. चकच्या जबड्यांवर आकडे कोरलेले असतात आणि ते जबडे त्याच चकला बसतात, हेही तेव्हा कळलं. एक जबडा हरवला तर चकची किंमत पडते.

दुकानात बसताना एक काळजी घ्या. पदर खोचून, वेणी बांधून, बांगड्या काढून बसा. मशीन चालू असेल तर जवळ जाऊ नका. लेथवर काम करणारा हातमोजेही घालत नाही, कारण फिरणारा चक कापड ओढून घेतो.

यंत्राची किंमत कशी कळते?

भंगारवाला किलोवर भाव सांगतो. त्याला लोखंड हवं असतं, लेथ नको असतो. चालू यंत्राला त्याहून बरा भाव येऊ शकतो, पण ते चालू आहे हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून यंत्र विकायच्या आधी थ्री-फेजचं कनेक्शन तोडू नका. बंद यंत्र बघून गिऱ्हाईक निम्मा भाव सांगतं.

जाणकार माणूस आधी लेथचा बेड बघतो. बहुतेक काम चकजवळ होत असल्यामुळं बेड तिथंच जास्त झिजतो. मग तो एक लांब सळई कातून दोन्ही टोकांना माप घेतो. मापात फरक आला तर यंत्र निमुळतं कापतंय. आटे पाडायचे गिअर सगळे आहेत का, तेही तो मोजतो. आम्ही तीन ठिकाणी भाव काढला : भंगारवाला, जुनी यंत्रं विकणारा व्यापारी आणि शेजारच्या गावचा एक टर्नर. तिघांच्या भावात मोठा फरक होता. व्यापारी म्हणाला, "हत्यारं त्यातच द्या." हत्यारांचा भाव वेगळा धरा, हे मामंजींनीच आम्हाला सांगितलं.

येणं-देणं

सासूबाईंची वही इथं कामाला आली. कामाच्या मजुरीची उधारी कोर्टातनं वसूल करायची तर साधारण तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. मुदत संपायच्या आत देणाऱ्यानं "एवढं देणं आहे" असं लिहून सही केली, तर मुदत तिथून पुन्हा मोजतात. आम्ही कोर्टात गेलो नाही. वही घेऊन दारोदार गेलो, सह्या घेतल्या. काहींनी पैसे दिले, काहींनी हात वर केले.

दुरुस्तीला आलेले लोकांचे सुटे भागही दुकानात पडून होते. ते आपले नाहीत. ज्याचे त्याला निरोप द्या आणि नेल्याची सही घ्या. भंगारात गेले तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. जीएसटी नंबर असेल तर दुकान बंद करताना तो रीतसर रद्द करून घ्या. नुसतं रिटर्न भरायचं सोडलं तर दंड चढत राहतो. विजेचंही तसंच. मशीन बंद असलं तरी स्थिर आकार येतो. लागत नसेल तर मंजूर भार कमी करायचा अर्ज द्या.

जागा कुणाच्या नावावर?

ग्रामपंचायतीचा मिळकतीचा उतारा काढून आणा. जागा मामंजींनी स्वतः कमावलेली असेल तर ते हयात असेपर्यंत निर्णय त्यांचा. त्यांना मृत्युपत्र करता येतं. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. जागा वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. म्हणून आम्ही नणंदेला पहिल्याच बैठकीला बोलावलं. नंतर कागद पुढं करून सही मागितली असती तर तिनं का करावी?

आणखी एक. म्हातारी माणसं मायेपोटी सगळं मुलांच्या नावावर करून मोकळी होतात. तसं करायचंच असेल तर "आम्हाला सांभाळायचं" ही अट दस्तात स्पष्ट लिहून घ्या. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा कायदा आहे. अट लिहिलेली असून सांभाळ झाला नाही तर तो दस्त रद्द करून मागता येतो. सुना असून आम्ही हे सांगतोय, कारण उद्या आम्हीही सासूच्या जागी असणार.

माणसं

अठरा वर्षं मामंजींच्या हाताखाली राबलेला गडी होता. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला ग्रॅच्युइटीचा कायदा सहसा लागू होत नाही. कायदा नसला तरी त्याच्या घामाचं देणं होतंच. सासूबाईंनीच सुचवलं, "दुकान त्यालाच चालवू द्या."

मग असं ठरलं. शेपर बरीच वर्षं बंद होता, तो विकला. त्या पैशातनं गड्याला काही रक्कम दिली. लेथ, ड्रिल मशीन आणि जागा त्याला भाड्यानं दिली. करार तोंडी ठेवला नाही. आपल्या राज्यात भाडेकरार लेखी करून नोंदवावाच लागतो. वीजबिल कुणी भरायचं, बेअरिंग गेलं तर खर्च कुणाचा, मुदत संपल्यावर यंत्र कोणत्या हालतीत परत द्यायचं, हे सगळं करारात लिहिलं. हत्यारांची यादी सोबत जोडली. गड्यानं स्वतःच्या नावानं उद्यम नोंदणी केली, ती फुकट होते. बँकेतनं वर्षाला 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही काढला. तो 18 ते 70 वयापर्यंत मिळतो, अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये असतात.

भाडं सासूबाईंच्या खात्यात जमा होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या नावावर आलेला हा दुकानाचा पहिला पैसा.

मामंजींना यंत्र चालवायचं नाही असं आम्ही सांगितलं, तेव्हा ते फार दुखावले. ते आम्ही लपवत नाही. महिनाभर दुकानाकडं फिरकले नाहीत. मग एक दिवस गडी घरी आला. "मामा, हा बुश मला जमत नाही," म्हणाला. खरंच जमत नव्हता की काय, त्यालाच ठाऊक. आता मामंजी सकाळी दोन तास खुर्चीवर बसतात, मायक्रोमीटर हातात घेऊन माप तपासतात आणि चुकलं की ओरडतात.

तुमच्या घरी हेच उत्तर लागू पडेल असं नाही. चालवणारा माणूस नसेल तर विकणंच बरं, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण माणूस बोलता-सांगता आहे तोवर विचारा. मागं राहिलेल्या बायकांना डब्यात काय आहे आणि वहीत कुणाचं किती आहे, हे कोण सांगणार?

पुढच्या गटाच्या बैठकीत हा विषय काढा. ज्यांच्या घरी दुकान, गिरणी किंवा यंत्र आहे त्यांनी चार रकाने आखा : जागा, यंत्रं, येणं-देणं, माणसं. निर्णयाची घाई नको. यादी मात्र या महिन्यात करा, आणि यादी करताना घरातल्या म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा. नमस्कार.