जॉन केल यांचा व्हायोला

आपल्या घरीं संध्याकाळीं कोणी तंबोरा छेडूं लागलें, तर त्याच्या अखंड नादाचें आपणांस नवल वाटत नाहीं. ती गाण्याखालची जमीनच, असें आपण धरून चालतों. पाश्चात्य शास्त्रीय संगीतांत मात्र असा स्थिर षड्ज सहसा नसतो. तेथें स्वरसंघ क्षणोक्षणीं पालटत असतात. त्या संगीतांत रीतसर तयार झालेल्या एका वादकानें हाच नाद उचलून तरुणांच्या बंडखोर वाद्यमेळांत नेला, ही हकीकत आमच्या वाचकांस विचारणीय वाटेल. त्या वादकाचें नांव जॉन केल.

केल यांचा जन्म ९ मार्च १९४२ रोजीं दक्षिण वेल्समधील गार्नंट ह्या गांवीं झाला. आई शिक्षिका, वडील कोळशाच्या खाणींत कामाला. आई व आजी वेल्श बोलत, वडिलांस इंग्रजीच काय ती येई. आणि आजीनें तर घरांत इंग्रजीस मज्जाव केला होता! सुमारें सातव्या वर्षीं शाळेंत इंग्रजी शिकूं लागेपर्यंत ह्या मुलास बापाशीं धड बोलतां येत नव्हतें. एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांच्या शब्दाचें वजन किती, हें आपण जाणतों. तरी हें वाचून मन चरकतें.

शाळेंत व्हायोलिन शिल्लक नव्हतें, म्हणून त्याच्या वांट्याला व्हायोला आला. व्हायोलिनहून थोडा मोठा, पंचमानें खालचा, आवाजानें घोगरा असा हा भाऊ वाद्यवृंदांत बहुधा मागेंच बसतो. पुढें वेल्सचा युवक वाद्यवृंद, लंडनचें गोल्डस्मिथ्स कॉलेज, आणि १९६३ सालीं रचनाकार एरन कोपलंड यांच्या साहाय्यानें शिष्यवृत्तीवर अमेरिका. त्याच वर्षीं सप्टेंबरांत न्यूयॉर्क येथें एरिक सातीची एक छोटी रचना ८४० वेळां वाजविणाऱ्या पियानोवादकांत तेही होते. हा प्रयोग अठरा तासांहून अधिक चालला.

न्यूयॉर्कमध्येंच ते ला माँट यंग यांच्या मंडळांत शिरले. यंग यांनीं अली अकबर खाँ यांच्या १९५५ सालच्या ध्वनिमुद्रिकेवर तंबोरा ऐकून त्याचा ध्यास घेतला होता. पुढें १९७० मध्यें ते किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्यच झाले. ह्या मंडळांत एकेक स्वर तासन्‌तास धरला जाई. केल यांनीं आपल्या व्हायोल्यास गिटारच्या तारा चढविल्या आणि घोडी घासून सपाट केली. घोडीची कमान असते ती गजाखालीं एक-दोनच तारा याव्यात म्हणून. ती गेल्यावर तीन-चार तारा एकदम बोलूं लागल्या. गुरूनें दिलेल्या वाद्यावर कानस चालविणें आपल्याकडे अपराध ठरेल. पण घोडी कोठें व किती घासावी हें कळण्यास तें वाद्य आधीं हातीं मुरलेलें असावें लागतें.

हा व्हायोला घेऊन १९६५ सालीं त्यांनीं लू रीड ह्या गीतकाराबरोबर ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ हा वाद्यमेळ उभारला. पहिली ध्वनिमुद्रिका १९६७ मध्यें निघाली. खप अल्प, कीर्ति उशिरां. गाण्यांचे विषय अफूच्या व्यसनापर्यंत जातात. प्रस्तुत लेखकास तीं मुलांपुढें लावावींशीं वाटत नाहींत. परंतु गिटारच्या कल्लोळाखालीं तो व्हायोला एकच स्वर धरून बसतो, तेव्हां कान आपोआप तंबोऱ्याकडे वळतो.

दोन धन्यांचें घर फार दिवस चाललें नाहीं. १९६८ मध्यें रीड यांनीं केल यांस काढून टाकलें, आणि तेंही दुसऱ्या सहकाऱ्याच्या तोंडून कळविलें. केल तेव्हां २६ वर्षांचे होते. १९७० पासून ते स्वतःच्या नांवानें ध्वनिमुद्रिका काढूं लागले. १९७३ ची ‘पॅरिस १९१९’ इतकी मृदु आणि वाद्यवृंदाच्या झालरीनें नटलेली आहे, कीं हाच तो कर्कश व्हायोलावाला, हें खरें वाटत नाहीं. डिलन टॉमस ह्या वेल्श कवीच्या इंग्रजी कवितांसही त्यांनीं चाली दिल्या. रीड यांच्याशीं १९९० मध्यें पुन्हा एक ध्वनिमुद्रिका झाली. ती दिवंगत स्नेही अँडी वॉरहॉल यांच्या स्मरणार्थ होती. ऐंशी वर्षें उलटल्यावरही, २०२३ व २०२४ सालीं, केल यांनीं नव्या ध्वनिमुद्रिका दिल्या.

२००९ मध्यें व्हेनिसच्या कलाप्रदर्शनांत वेल्सच्या वतीनें त्यांची कृति मांडली गेली. तिला त्यांनीं नांव दिलें ‘डिद्याय डी’, म्हणजे काळे दिवस. तें नांव वेल्श आहे; वडिलांस न कळणाऱ्या भाषेंतलें.