कोंबड्या डालल्या का?

फलटणच्या बाजूला आमची वस्ती आहे. दिवस कलला की आई ओसरीवरून विचारायची, "कोंबड्या डालल्या का गं?" देवापुढचा दिवा त्यानंतर, चूल त्यानंतर. डालणं म्हणजे डालग्याखाली झाकणं किंवा खुराड्यात घालून दार लावणं. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही, म्हणून उजेड संपायच्या आत ती आपणहून घराकडं येते. एकदा काळोख पडला की बसल्या जागी थिजते, हातानं उचलली तरी फारशी फडफडत नाही. बाजाराला न्यायच्या कोंबड्या रात्रीच धरतात त्या यामुळंच. माणसाला जे सोपं जातं ते शिकारी जनावरालाही सोपंच.

परसातल्या कोंबड्यांच्या राखणीबद्दल मला जे कळतं, त्यातलं निम्मं आईच्या त्या एका प्रश्नात आहे. उरलेलं निम्मं शिकायला मला अकरा कोंबड्या गमवाव्या लागल्या.

पावसाळा सरत आला होता. सकाळी उठून बघते तर खुराड्याचं दार निखळलेलं, अंगणभर पिसं, नऊ कोंबड्या जागोजाग मरून पडलेल्या आणि दोन बेपत्ता. शेजारीपाजारी जमले आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, कोल्हा. कालव्याखाली आमच्याकडं उसाचे फड आहेत, दिवसा त्यात कोल्हे दडून असतात आणि रात्री त्यांची कुई ऐकू येते, त्यामुळं संशयाला दुसरीकडं जायचं कारणच नव्हतं. मटणाच्या तुकड्यात औषध घालून बांधावर ठेवा, असंही कुणीतरी सुचवलं. त्या रागात मी ते केलंही असतं. पण मेंढरं घेऊन वाटेनं चाललेले एक धनगर म्हातारबा थांबले, चिखलात वाकून माग बघितला आणि म्हणाले, "बाई, ह्यो कोल्हा न्हाय. कोल्हा खायाला नेतो, असं अंगणभर चावून टाकत न्हाय. हे कुत्र्याचं काम हाय. आन् एक न्हाय, दोन हायती."

त्यांनी ठसा कसा वाचायचा तेही दाखवलं. कोल्ह्याचा ठसा निमुळता आणि आटोपशीर असतो, शिवाय पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूनं एकमेकींना जोडलेल्या असतात. कुत्र्याचा ठसा पसरट, बोटं सुटी. चिखलात पसरट ठसेच होते. तीन रात्री जागून बघितलं, तेव्हा वस्तीवरचीच दोन कुत्री पुन्हा आली. त्यातल्या एकाला मी रोज भाकरी घालत होते. त्या दिवशी बांधावर विष ठेवलं असतं तर कोण मेलं असतं, हा विचार अजूनही मला अस्वस्थ करतो.

कोल्ह्याच्या नावावर आपण फार काही खपवतो. मुळात नावापासूनच घोटाळा आहे. इसापाच्या गोष्टीत द्राक्षं आंबट म्हणणारा 'फॉक्स' मराठीत आला तो कोल्हा होऊन. खरं तर आपल्याकडं दोन वेगळे प्राणी आहेत. कोल्हा आठ-दहा किलोचा, उसात, ओढ्याकाठच्या झुडपांत, अगदी मुंबईच्या खारफुटीतही राहणारा. खोकड, म्हणजे आपल्याकडचा फॉक्स, त्याच्या मानानं केवढंसं, दोन-तीन किलोचं, पायांनी सडपातळ, झुपकेदार शेपटी अंगाच्या निम्म्याहून लांब. ते उघड्या माळरानावर बीळ करून राहतं. किडे, नाकतोडे, उंदीर, सरडे, बोरं हे त्याचं खाणं. मोठी कोंबडी त्याला झेपायलाही जड जाते. माळ नांगरले जाताहेत, सौरऊर्जेचे प्रकल्प, भूखंड पडताहेत, तसं खोकड दिसेनासं होत चाललंय. कोंबड्यांच्या चोरीचा आळ त्याच्यावर घेण्यात तर काहीच अर्थ नाही.

कोल्हा मात्र कोंबडी नेतो, हे खरंच आहे. पण तोही मुख्यतः मिळेल ते खाणारा. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण करणाऱ्यानं शेत नीट बघितलेलं होतं. काकडी, टरबूज, बोरं, द्राक्षं, उसाची कांडी, मेलेलं जनावर आणि सगळ्यांत जास्त उंदीर, असा त्याचा आहार. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचा हंगाम सुरू होतो, ऊसतोड फडाफडानं पुढं सरकते आणि त्याचा आडोसा जातो. या दिवसांत तो वस्तीच्या जवळ जास्त दिसतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून खुराड्याची डागडुजी मी दसऱ्याच्या आतच उरकते.

म्हातारबांच्या नियमाला एक अपवाद मात्र आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. बंद खुराड्यात शिरलेला कोल्हा, मुंगूस किंवा जवादी मांजर कधी कधी सगळ्याच कोंबड्या मारून टाकतं आणि खातं एखादीच. बघणाऱ्याला तो दुष्टपणा वाटतो. हान्स क्रूक नावाच्या डच प्राणिशास्त्रज्ञानं १९७२ साली यावर एक निबंध लिहिला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर रेव्हनग्लासला कुरव पक्ष्यांची मोठी वसाहत होती. मिट्ट काळोखाच्या रात्री हे पक्षी जमिनीवरून उडतच नसत, आणि अशा रात्री फॉक्स येऊन खाण्याच्या कितीतरी पट पक्षी मारून जात. एरवी एकावर झडप घातली की बाकीचे पळतात आणि शिकार तिथंच संपते. समोरचं भक्ष्य पळालंच नाही, तर मारण्याची ती ओढ थांबत नाही. आपलं खुराडं म्हणजे रोजची तीच काळोखी रात्र आहे. पळता न येणाऱ्या, न दिसणाऱ्या कोंबड्या आपण एका पेटीत कोंबतो. म्हणून ती पेटी पक्की असणं ही सर्वस्वी आपली जबाबदारी आहे असं मी मानते.

चोर कोण हे ठरवायला वेळ आणि मागं राहिलेल्या खुणा, दोन्ही बघाव्या लागतात. भर दुपारी पिल्लू नाहीसं झालं आणि पिसाचाही पत्ता नाही, तर घार किंवा शिक्रा. दुपारीच अंडी फुटलेली, कोंबडीच्या मानेला चावे, तर मुंगूस, कारण आपलं राखी मुंगूस दिवसा हिंडणारं आहे. अंडी टरफलासकट गायब असतील तर साप, आणि एखादं पिल्लू लाळेनं ओलं होऊन मरून पडलं असेल तर गिळता न आल्यानं सापानं सोडलेलं. लहान पिल्लं बिळाच्या तोंडाशी अर्धी ओढलेली सापडली तर उंदीर-घुशी. रानमांजर आणि घरचा बोका यांच्यातला फरक मला अजूनही नेहमीच ओळखता येतो असं नाही, पण दोघांच्याही ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्या-कोल्ह्याच्या ठशात उमटतात.

कोंबड्या स्वतःही सांगतात. आकाशात घार दिसली तर कोंबडा एक लांब, बारीक आवाज काढतो आणि सगळी पिल्लं जिथल्या तिथं दबतात. जमिनीवरून कुणी आलं तर आवाज वेगळा, तुटक, एकसारखा कट्-कट्-कटाक, आणि कोंबड्या माना उंच करून बघायला लागतात. या दोन हाकांवर शास्त्रज्ञांनी पडद्यावर घारीची आणि चौपायी प्राण्याची चित्रं दाखवून प्रयोग केलेले आहेत. आमच्या आईला ते प्रयोग ठाऊक नव्हते, पण स्वयंपाकघरातून ती नुसत्या आवाजावरून सांगायची, घार आलीय की मुंगूस.

घारीवर मला सापडलेला चांगला उपाय म्हणजे झुडपं. मोकळं स्वच्छ सारवलेलं अंगण पिल्लांच्या जिवावर उठतं. परसात तुरीची चार झाडं, कढीपत्ता, एरंड असं काहीतरी असलं की हाक येताच पिल्लं त्याखाली शिरतात. पहिले सहा-आठ आठवडे तर त्यांना डालग्याखालीच ठेवावं. शिवाय आमच्या दारच्या बाभळीवर कोतवालाचं घरटं असतं. तो काळा, दुभंगल्या शेपटीचा पक्षी स्वतःपेक्षा कितीतरी मोठ्या घारीच्या पाठीवर चोच मारत तिला शिवेपार नेऊन सोडतो. ते झाड मी तोडू दिलेलं नाही.

आता खुराड्याबद्दल. बहुतेक जण षट्कोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी लावतात आणि निर्धास्त होतात. ती जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातानं फाडतं, उंदराचं पिल्लू भोकातून सहज येतं. अर्ध्या इंचाची वेल्डिंगची चौकोनी जाळी घ्यावी. महाग पडते, पण एकदाच पडते. खुराडं जमिनीवर असेल तर जाळी फूटभर खोल पुरून खालच्या टोकाला बाहेरच्या बाजूनं दीड फूट आडवी वळवावी. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरतं, मागं सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही, आणि पंजा जाळीला लागला की ते थकून जातं. माझं आताचं खुराडं चार खांबांवर जमिनीपासून अडीच फूट उंच आहे. खाली फळ्यांच्या फटीतून विष्ठा पडते, तीच नंतर खड्ड्यात कुजवून खताला वापरते. खांबांना गुळगुळीत पत्रा गुंडाळला आहे, त्यावर उंदराची नखं टिकत नाहीत. दाराला नुसता आकडा नाही, सरकवायची कडी आणि तिच्या भोकात अडकवायचा खिळा. माझ्या अकरा कोंबड्या गेल्या त्या कोल्ह्यामुळं नव्हेत, त्या एका ढिल्या आकड्यामुळं गेल्या.

पण खुराडं किल्ल्यासारखं बांधलं तरी उंदीर येतात, कारण त्यांना आपण बोलावतो. संध्याकाळी टाकलेली कणी, भरडा जमिनीवर उरतो. त्या दाण्यावर उंदीर येतात, उंदरांवर धामण आणि नाग येतात, आणि मग साप निघाला म्हणून आपण काठी घेऊन धावतो. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं. उंदरीणही साधारण तेवढ्याच दिवसांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं, वर्षभर. घुशी पायाखालची जमीन पोखरतात ते वेगळंच, आणि उंदरांच्या मुतानं पसरणारा लेप्टोचा आजार माणसाच्या जिवावर बेततो. म्हणून दाणा मोजून टाकायचा, अंधारायच्या आत भांडं उचलायचं, पोतं पत्र्याच्या डब्यात ठेवायचं. एवढ्यानं उंदरांची संख्या जितकी उतरते तितकी कुठल्याही गोळ्यांनी उतरलेली मी पाहिली नाही.

गोळ्यांबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लात मिसळलं की विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. थोडं खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंडही लावत नाही. ब्रोमाडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठणं थांबतं आणि उंदीर काही दिवसांनी मरतो, पण तोवर सुस्तावलेला तो उघड्यावर फिरतो. तो खाणारी मांजर, कुत्रा, घुबड यांच्या पोटात तेच विष जातं. कोंबडी तर स्वतःच उंदराची पिल्लं मटकावते, वडी दिसली तर तीही टोचते. ज्या परसात कोंबड्या चरतात तिथं विष ठेवूच नये, तारेचा पिंजरा लावावा, असं माझं ठाम मत आहे.

आणि गव्हाणी घुबड राहू द्यावं. पांढुरक्या, बदामी चेहऱ्याचं हे घुबड पडक्या वाड्यात, देवळाच्या शिखरात राहतं आणि त्याचं पोट जवळजवळ उंदरांवरच चालतं. लक्ष्मीचं वाहन म्हणून आपण त्याला मान देतो आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर अघोरी पूजेसाठी याच घुबडांना पकडून विकलं जातं. धान्य राखणारा पक्षी दिवाळीलाच मारला जावा, याचं मला फार वाईट वाटतं.

मुंगसाचंही तसंच. अंडी चोरतं म्हणून त्याला हाकलावं हे बरोबर, पण उंदीर आणि सापांवर तेच लक्ष ठेवून असतं. रंगकामाचे ब्रश बनवण्यासाठी त्याच्या केसांचा चोरटा व्यापार चालतो आणि त्यापायी ती मारली जातात. कोल्हा, खोकड, मुंगूस, रानमांजर, घोरपड या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फासे लावणं, सापळ्यात धरणं, विष घालणं हेही त्यातच येतं.

सगळ्यांत लहान चोर मात्र खुराड्याच्या आतच राहतो. लाल रंगाचे बारीक जीव आणि गोचिडी दिवसा लाकडाच्या भेगांत दडतात, रात्री बाहेर येऊन बसल्या कोंबडीचं रक्त पितात. तुरा फिका पडला, अंडी कमी झाली, कोंबडी खुराड्यात जायला कुरकुर करायला लागली, की रात्री बॅटरी मारून बसायच्या दांड्यांच्या खालच्या बाजूला बघावं. मी दर दोन-तीन महिन्यांनी दांड्या उन्हात टाकते, भेगांत चुना भरते आणि कोपऱ्यात चुलीची चाळलेली राख ठेवते, कोंबड्या त्यात मनसोक्त लोळतात. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर चांगली चालते, पण ती डोळ्यांत गेली तर डोळ्यांना गंभीर इजा होते, म्हणून घरात लहान मुलं असताना मी ती करत नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, त्याची लस तर चुकवूच नये. तो रोग आला की एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं आणि तिथं जाळी, कडी काही कामाला येत नाही.

आता आई नाही. अंधारायच्या आधी मीच खुराड्याशी उभी राहून मोजते. सतरा. सोळा भरल्या तर कोल्ह्याचं नाव घ्यायच्या आधी बॅटरी घेऊन कडब्याच्या गंजीमागं जाते. बहुतेक वेळा तिथं एखादी खुडूक झालेली कोंबडी, कुणाला न सांगता घातलेल्या दहा-बारा अंड्यांवर, अंग फुलवून बसलेली असते. तिला अंड्यांसकट पाटीत घेऊन आत ठेवायचं, कडी सरकवायची आणि खिळा घालायचा.