शोरूमचा ॲव्हरेज बेटम्याच्या रस्त्यावर का मिळत नाही?

गाडी घेताना आपला पहिला प्रश्न एकच : किती देते? शोरूमवाला आकडा सांगतो. मग बेटम्याहून रोज इंदूरला जाणारा माणूस महिन्याभराने पेट्रोलचा हिशेब मांडतो आणि म्हणतो, फसवलं! बहुतेक वेळा कुणी फसवलेलं नसतं. तो आकडा ज्या रस्त्यावर काढला, तो रस्ताच वेगळा.

खरं तर तो रस्ता नसतोच. गाडी रोलरवर उभी करतात, चाकं जागच्या जागी फिरतात. समोर पडद्यावर वेगाची रेघ : इतके सेकंद थांबा, वेग वाढवा, आता ब्रेक. चालकाने ती रेघ धरून चालवायचं. तिला म्हणतात ड्रायव्हिंग सायकल, म्हणजे चालवण्याचं ठरलेलं चक्र.

आपलं पहिलं भारतीय चक्र १९८५च्या सुमारास पुण्याच्या एआरएआय संस्थेने रस्त्यांवर चाचण्या घेऊन बसवलं. १०८ सेकंदांचं, कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर, सरासरी २२च्या आसपास. पुढे कारसाठी युरोपातलं चक्र घेतलं आणि कमाल वेग १२०वरून ९०वर आणला. दुचाकींनाही नंतर जागतिक चक्र लागलं.

आता गंमत बघा. ताशी २० ही सरासरी दोन तऱ्हांनी येते. एक, सलग २०ने चालत राहा. दोन, ४०पर्यंत पळवा, ट्रॉली आडवी आली की थांबा, परत पळवा. सरासरी तीच, पण दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक ब्रेकला कमावलेला वेग उष्णता होऊन वाया जातो आणि तो पुन्हा पेट्रोल जाळून मिळवावा लागतो. म्हणून नुसत्या सरासरीवर चक्र बनत नाही.

मग कसं बनतं? पुण्यासाठी आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी ते करून दाखवलं. अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग सेकंदासेकंदाला नोंदवायचा. एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत त्याचे तुकडे पाडायचे. मग असे तुकडे निवडून जोडायचे, की वेग वाढवणं, कमी करणं, एकसारखं चालणं, नुसतं उभं राहणं यांचं प्रमाण आणि सरासरी वेग खऱ्या रहदारीशी जुळेल.

बेटम्यासाठी हेच करायचं तर बाजाराच्या दिवशीची नोंद वेगळी, सोयाबीनच्या हंगामातली वेगळी. थोडा हायवे, मग इंदूरचे सिग्नल. लोडिंग रिक्षा इलेक्ट्रिक घ्यायची असेल तर हा हिशेब जास्तच बोचतो. पेट्रोल संपलं तर बाटलीत आणता येतं, चार्जिंग नाही!

बेटम्याजवळच पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, २०२१मध्ये सुरू झालेला. तिथे गाड्या सुसाट पळतात. आडवी ट्रॉली काही येत नाही.

एप्रिल २०२३पासून नव्या कारच्या धुराची तपासणी यंत्र लावून खऱ्या रस्त्यावरही होते. ॲव्हरेजचा आकडा मात्र अजून रोलरवरूनच येतो.