गाणं कधी लावायचं

‘द वायर’ ही अमेरिकी मालिका पहिल्यांदा पाहणाऱ्याला दोन-तीन भागांपर्यंत काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. काय चुकतंय ते मात्र चटकन कळत नाही. गोळी लागून कुणी पडतं, कुणाचं घर पेटवलं जातं, आणि मागे ना व्हायोलिन ना ढोल. संगीत येतं ते रस्त्यावरून गेलेल्या मोटारीतून, बारमधल्या रेडिओवरून, कुणाच्या तरी उघड्या खिडकीतून. पात्रांच्या कानावर जे पडतं तेवढंच आपल्या कानावर. डेव्हिड सायमन यांनी बाल्टिमोर शहरावर रचलेल्या या मालिकेने २००२ ते २००८ या काळात, पाच पर्वं आणि साठ भाग, हा नियम जवळजवळ न मोडता पाळला.

नियम मोडायची जागा ठरलेली होती. पर्वाच्या शेवटच्या भागात, सगळं घडून गेल्यावर, संवाद थांबतात आणि एक आख्खं गाणं सुरू होतं. बारा-तेरा तास ज्यांच्यासोबत काढले त्या माणसांचं पुढे काय झालं ते तीन-चार मिनिटांत दिसतं. याला मोंताज म्हणतात. वेगवेगळ्या ठिकाणची, वेगवेगळ्या वेळची दृश्यं एका गाण्यात ओवायची. गाण्याची लय चालू असते, म्हणून डोळा एका घरातून दुसऱ्या घरात न अडखळता जातो. जे एरवी सांगायला चार प्रसंग लागले असते, ते एका नजरेत उरकतं.

पाचव्या पर्वाचा शेवट मी कितीदा पाहिला असेल याची मोजदाद नाही. मॅकनल्टी हा पोलीस गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून उतरतो आणि शहराकडे पाहत उभा राहतो. तिथून गाणं सुरू होतं. महापौर राज्यपाल झालेला दिसतो. बबल्स हा गर्दुल्ला बहिणीच्या तळघरात राहत होता. तो जिना चढून वर येतो आणि तिच्या टेबलावर जेवायला बसतो. आणि डुकी, शाळेतलं ते हुशार, मळक्या कपड्यांचं पोर, हातात सुई टोचून घेतं. बबल्सने सोडलेली जागा डुकीने भरली. हे वाक्य मालिकेत कुणीही उच्चारत नाही. दोन दृश्यं एका गाण्यात आली एवढ्यावर ते आपल्याला कळतं, आणि कळल्यावर पोटात कालवाकालव होते.

ते गाणंही साधं निवडलेलं नाही. टॉम वेट्स यांचं एक गाणं या मालिकेचं शीर्षकगीत होतं, पण प्रत्येक पर्वात ते वेगळ्या आवाजात यायचं. दुसऱ्या पर्वात स्वतः वेट्स, तिसऱ्यात नेव्हिल ब्रदर्स, शाळकरी मुलांवरच्या चौथ्या पर्वात बाल्टिमोरमधलीच किशोरवयीन मुलं. पहिल्या पर्वात ते ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा यांनी म्हटलं होतं, आणि अखेरच्या मोंताजमध्ये तोच आवाज परत येतो. माणसं बदलली, खुर्च्यांवरची नावं बदलली, आणि आपण जिथून निघालो तिथेच आलो आहोत.

हे सगळं परिणाम करतं ते आधीच्या शांततेमुळे. आपल्याकडच्या मालिकांबद्दल मला इथेच मनापासून वाईट वाटतं. ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’ यांची अशोक पत्कींनी बांधलेली शीर्षकगीतं आजही घराघरात पाठ आहेत. इतकं सुंदर गाणं हाताशी असतं. आणि रोजच्या मालिकेत बहुतेक वेळा सूनबाई रडली की त्याची संथ धून, सासू वळली की धाडकन ठोका. शंभराव्या भागाला ते ऐकू येईनासं होतं.

मालिकेत आख्खं गाणं लावण्याची वाट ज्या प्रसंगाने मोकळी केली असं मानतात, तो १९८४ सालचा. ‘मायामी व्हाइस’चा पहिला भाग, रात्रीचे रिकामे रस्ते, गाडीत दोन पोलीस, आणि फिल कॉलिन्स यांचं तीन वर्षांपूर्वीचं गाणं. मध्येच एकजण फोनपाशी उतरतो आणि विभक्त झालेल्या बायकोला विचारतो, आपल्यात जे होतं ते खरं होतं ना? एवढाच संवाद. गाडी पुन्हा निघते. गोळीबाराकडे निघालेल्या माणसाच्या मनातली धाकधूक गाण्याने सांभाळली.

अशा गाण्याचे पैसे दोनदा मोजावे लागतात: एकदा शब्द-चालीच्या हक्कासाठी, एकदा त्या ध्वनिमुद्रणासाठी. पूर्वी हे करार प्रक्षेपणापुरतेच व्हायचे. मग डीव्हीडी आल्या आणि पंचाईत झाली. ‘द वंडर इयर्स’ ही गाण्यांवर उभी असलेली मालिका १९९३ साली संपली, तिचा पूर्ण संच निघायला २०१४ उजाडलं. ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’च्या डीव्हीडीत तर कितीतरी गाणी काढून दुसरंच संगीत भरलं. दृश्य तेच, नटही तेच, आणि तरी प्रसंग पोकळ. बदललेलं गाणं म्हणजे बदललेला संवादच.

‘सिक्स फीट अंडर’च्या शेवटाचं असं झालं असतं तर? अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या फिशर कुटुंबाची ही गोष्ट. जवळजवळ प्रत्येक भाग कुणाच्या तरी मृत्यूने उघडायचा, मग पांढऱ्या पडद्यावर नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षं. २००५ मधला शेवटचा भाग मात्र एका जन्माने उघडतो. अखेरीस धाकटी क्लेअर घर सोडून लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला निघते आणि मित्राने गाणी भरून दिलेली सीडी गाडीत लावते. सिया यांचा आवाज येतो. आधी ते फक्त गाडीतलं गाणं असतं. मग ती रस्ता कापत असताना तेच गाणं तिच्या घरातल्या एकेकाच्या भविष्यावर पसरतं: लग्नं, म्हातारपणं, आणि आई, भाऊ, वहिनी, प्रत्येकाचा मृत्यू, पांढरा पडदा, नाव, दोन सालं. सर्वांत शेवटी ती स्वतः, १०१ वर्षांची, साल २०८५, भिंतभर फोटो. म्हातारीचे डोळे दिसतात, आणि पुन्हा तरुण क्लेअरची गाडी, समोर मोकळा रस्ता.