बबड्याला शिक्षा कधी?

(लेखमाला : आपण का हसतो? भाग सहावा)

मागच्या भागात चिमणराव होते. चि. वि. जोशींचा तो भित्रा, फजिती पावणारा नायक दिलीप प्रभावळकरांनी दूरदर्शनवर उभा केला आणि तो घरोघरचा झाला. आज त्याच्या अगदी उलट माणूस घेऊ. मालिका हलकीफुलकी, हसवणारी. पण तिच्या मधोमध बसलेला माणूस असा, की तो आपल्या घरात नको.

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात रात्री आठ ते नऊ ही मालिकांची वेळ. डेअरीला दूध घालून झालेलं असतं, भाकरी होत आलेल्या असतात. शेतीपंपाची लाईट रात्रीची असेल, तर घरातला एखादा माणूस बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला गेलेला असतो. बाकीचे टीव्हीसमोर. २०१९ आणि २०२० साली या तासात झी मराठीवर अशी दोन माणसं पाठोपाठ यायची. आठला 'माझ्या नवऱ्याची बायको' मधला गुरुनाथ सुभेदार, साडेआठला 'अग्गंबाई सासूबाई' मधला सोहम कुलकर्णी, म्हणजे आसावरीचा बबड्या. पहिला बायकोला फसवून दुसरीच्या मागे लागलेला, वर स्वतःला हुशार समजणारा. दुसरा आईच्या लाडानं पार बिघडलेला. काम नको, जबाबदारी नको, ताटावर बसल्या जागी सगळं हवं. अभिजित खांडकेकर आणि आशुतोष पत्की या दोघांनी ही माणसं इतकी खरी केली, की त्यांचा राग येणं हीच त्यांच्या कामाला पावती.

मला कुतूहल आहे ते या रागाच्या प्रवासाचं. 'अग्गंबाई सासूबाई' जुलै २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हा बबड्यावर लोक हसत होते. आई घास भरवते, तो मोबाइलवरून नजर काढत नाही, आणि निवेदिता सराफांची आसावरी कौतुकानं बघत राहते. पाहणाऱ्याला गंमत वाटायची, कारण असं एखादं पोरगं प्रत्येकाच्या भावकीत होतं. टाळेबंदीनंतर जुलै २०२० मध्ये नवे भाग सुरू झाले आणि त्याच बबड्याच्या नावानं मोबाइलवर चित्रं-विनोदांचा पूर आला. त्यात हसू कमी आणि चीड जास्त होती. बबड्याचा स्वभाव तर पहिल्या दिवसापासून तोच होता. मग हसू कुठं गेलं?

हसण्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नावर बरंच काम केलं आहे. डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकात एक सूत्र मांडलं. विनोद ऐकताना किंवा नाटक पाहताना आपण तटस्थ नसतो. आतल्या आत कुणाच्या तरी बाजूचे आणि कुणाच्या तरी विरुद्ध झालेले असतो. नावडत्या माणसाची फजिती झाली की आनंद होतो, आवडत्याची झाली की वाईट वाटतं. या सूत्रानं पाहिलं तर नावडता नायक ही विनोदकारासाठी अडचण उरत नाही, उलट ठेवच होते. लोकांच्या मनात त्याच्याविषयी चीड साठवायची आणि योग्य वेळी त्याला तोंडावर पाडायचं. चीड जितकी साठली असेल, तितका मोठा हशा.

म्हणजे सगळं त्या 'योग्य वेळी'वर अवलंबून आहे. आपल्या जुन्या नाटककारांना हे पक्कं ठाऊक होतं. गोविंद बल्लाळ देवलांचा फाल्गुनराव बघा. 'संशयकल्लोळ' १९१६ साली संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आलं. मूळ धागा फ्रेंच नाटककार मोलिएरपर्यंत जातो. फाल्गुनराव हा नवरा म्हणून छळवादी आहे. बायकोवर पाळत ठेवतो, एका तसबिरीवरून आकाशपाताळ एक करतो. तरी शंभर वर्षं लोक त्याला हसतायत, कारण देवलांनी प्रेक्षकाला आधीच सगळं सांगून ठेवलं आहे. तसबीर कुणाची, कुणाकडून कुणाकडे गेली, हे आपल्याला ठाऊक आणि त्याला नाही. तो प्रत्येक प्रवेशात स्वतःच्याच संशयात अडकतो. शिक्षा शेवटच्या अंकापर्यंत थांबत नाही, ती चालूच असते.

अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच' मध्ये तर नायक गुन्हेगारच. १९६२ साली आलेल्या या नाटकात प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे न्यायालयात उभा राहून साफ नाकारतो, आणि त्याच्या त्या साळसूद निगरगट्टपणावर प्रेक्षक खदखदून हसतात. मग फसवल्या गेलेल्या बायका साक्षीला येतात आणि हसणं आटतं. अत्र्यांनी ते हसू मोकळं सोडलं, कारण त्याच रात्री, त्याच रंगमंचावर न्यायनिवाडा होणार होता. तिकीट काढून आलेला माणूस हिशेब पुरा झालेला बघून घरी जात होता.

याहून जुनं उदाहरण आमच्या दारावरून दर वर्षी जातं. तुकोबांची पालखी बारामतीला मुक्काम करते, पुढं सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. या वाटेवर दिंड्यांमध्ये भारूडं होतात, आणि एकनाथ महाराजांच्या एका भारुडातली सून हे माझ्या मते मराठीतलं नावडत्या विनोदी नायिकेचं सर्वांत धीट चित्र आहे. ती भवानीला रोडग्याचा नवस बोलते. कशासाठी? सासरा जावा, सासू जावी, एकेक करून सासरचं सगळं माणूस बाजूला व्हावं आणि आपण एकटीच राहावं. इतकं क्रूर मागणं, आणि समोर बसलेल्या सासवा डोळ्यांना पदर लावून हसतात! अंगावर लुगडं घेतलेला वारकरी ते सोंग वठवत असतो, त्यामुळे राग धरायला खरी सून समोर नसते. आणि थोड्याच वेळात अर्थ उलगडतो: ही सासरची माणसं म्हणजे जिवाला बांधून ठेवणारे विकार. मग ज्या सुनेला आपण हसलो तिच्या जागी आपणच उभे असतो. नाथांनी शिक्षा दिलीच नाही, त्यांनी पात्रच फिरवून आपल्याकडे तोंड करून उभं केलं. सोळाव्या शतकातल्या माणसानं हे साधलं, याचं मला दर आषाढात नव्यानं नवल वाटतं.

पण पाहणारे सगळे एकाच बाजूचे असतात हे गृहीत धरता येत नाही. इथं अमेरिकेतली एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथं जानेवारी १९७१ मध्ये 'ऑल इन द फॅमिली' ही विनोदी मालिका सुरू झाली. नायक आर्ची बंकर: काळ्या लोकांना, परक्यांना, शिकलेल्या जावयाला, सगळ्यांना नावं ठेवणारा हेकट बाप. लेखकांचा हेतू असा, की लोक त्याच्या पूर्वग्रहांना हसतील आणि ते पूर्वग्रह ढिले होतील. मालिका सलग पाच हंगाम पहिल्या क्रमांकावर राहिली. १९७४ मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी ती बघणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असं आढळलं, की ज्यांच्या मनात मुळात पूर्वग्रह जास्त होते, त्यांना आर्चीच शहाणा वाटत होता आणि शेवटी तोच जिंकतो असं दिसत होतं. मालिका एकच, पण एकजण आर्चीला हसत होता, आणि त्याच्या शेजारी बसलेला आर्चीबरोबर हसत होता.

आता हे घेऊन बबड्याकडे परत या. त्याच्या आईचं दुसरं लग्न हा त्या मालिकेचा गाभा. विधवा आसावरी आणि गिरीश ओकांचे अभिजित राजे यांचं लग्न सून शुभ्रा पुढाकार घेऊन जमवते, आणि बबड्या आड येतो. आमच्याकडच्या घरांतून तेव्हा दोन सूर ऐकू येत होते. एक : याला कुणी मुस्काटात का ठेवून देत नाही? आणि दुसरा, जरा खालच्या आवाजात : पण पोराचं तरी काय चुकलं, या वयात लग्न करायचं का? हा दुसरा सूर आर्चीला शहाणा मानणाऱ्यांचाच. बबड्याच्या आळसाला हसणारा माणूस त्याच्या या एका म्हणण्यावर मात्र त्याच्या शेजारी जाऊन बसत होता. मालिकेनं एकट्या बाईच्या दुसऱ्या संसाराचा प्रश्न आठ-नऊच्या वेळात, सासू-सून-नातवंडं एकत्र बसलेल्या खोलीत आणला, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण विरोध करणारा माणूस इतका नालायक दाखवला, की ज्यांच्या मनात तो विरोध खरोखर होता त्यांना स्वतःकडे बघावंच लागलं नाही. ते म्हणू शकले, आम्ही काही बबड्यासारखे नाही.

बबड्या आमच्या भागात जास्त बोचतो. नीरा डाव्या कालव्यावर जमीन भिजते, ऊस कारखान्याला जातो, बिल खात्यावर येतं. बाप नसलेल्या घरात आई हा व्याप सांभाळते आणि एकुलता एक मुलगा गाडीला पेट्रोल मागतो. तिथं बबड्या हे सोंग राहत नाही. बाई पडद्यावर आसावरीला पुन्हा एकदा पोरापुढं नमतं घेताना बघते आणि तिला हसू येत नाही, कारण तेच तिनं दुपारी केलेलं असतं. लोकांचा राग बबड्याइतकाच आसावरीवर होता, तो यामुळे. पात्र इतकं जवळ आलं की विनोदाला लागणारं अंतर उरत नाही. भारुडात ते अंतर लुगड्यातल्या वारकऱ्यानं राखलेलं असतं.

आणि शिक्षा? ती येत नव्हती. इथं दोष लेखकांपेक्षा साच्याचा आहे असं मी मानते. नाटक तीन तासांत संपतं. ब्रिटनच्या 'फॉल्टी टॉवर्स' चे सगळे मिळून १२ भाग. जॉन क्लीझचा तो उर्मट हॉटेलवाला दर भागाच्या शेवटी स्वतःच्याच खोटेपणात बुडतो आणि पुढच्या भागात कोरा होऊन येतो. दैनंदिन मालिकेला हे दोन्ही जमत नाही. तिला शेवट ठरलेला नसतो आणि काल घडलेलं आज पुसता येत नाही. नावडता माणूस हेच तिचं इंजिन. तो सुधारला किंवा घराबाहेर गेला, की उद्या दाखवायला काही उरत नाही. म्हणून तो पकडला जातो, माफी मागतो, आई विरघळते, आणि सोमवारी पुन्हा तेच. गुरुनाथचं हे ऑगस्ट २०१६ पासून मार्च २०२१ पर्यंत, म्हणजे साडेचार वर्षं चाललं. झिलमन यांच्या भाषेत सांगायचं तर चीड साठत गेली, पण ती मोकळी व्हायची वेळ काही आली नाही. साठून राहिलेल्या चिडीचा हशा होत नाही, मग लोक तो हशा मोबाइलवर स्वतः तयार करतात. २०२० मध्ये बबड्यावर फिरलेले विनोद म्हणजे मालिकेनं न दिलेली शिक्षा प्रेक्षकांनी आपल्या हातांनी दिली, असं मला वाटतं.

हे खरं असेल तर गुरुनाथच्या मालिकेत उलट पुरावाही सापडायला हवा. तो सापडतो : गुरुनाथ जिच्या मागे लागला ती शनाया. ती गुरुनाथइतकीच दोषी, दुसऱ्याचा संसार मोडायला निघालेली, ऐतखाऊ. रसिका सुनीलनं आणि मधल्या काळात ईशा केसकरनं ती भूमिका केली. पण शनायावर लोक जीव लावून हसले. तिचा प्रत्येक डाव त्याच आठवड्यात, बऱ्याचदा त्याच भागात तिच्याच अंगावर उलटायचा. तिला स्वयंपाक येत नाही, हिशेब येत नाही, खोटंही नीट बोलता येत नाही. फाल्गुनरावासारखीच तिची शिक्षा रोज चालू होती. गुरुनाथ मात्र सुटत राहायचा, कारण त्याच्याकडे नोकरी होती, पैसा होता, आणि नवरा असण्याचा हक्क होता.

२०२१ च्या मार्चमध्ये 'अग्गंबाई सूनबाई' या नावानं कथा पुढं सरकली. सोहम आता अद्वैत दादरकर झाला होता, आणि हा तोच नट, जो 'माझ्या नवऱ्याची बायको' मध्ये गुरुनाथच्या बायकोला, राधिकेला, सावरणारा सौमित्र होता. नट बदलला, शुभ्राची भूमिकाही उमा पेंढारकरकडे गेली, मधली काही वर्षं गेली, पदरी मूल आलं. सोहमनं नव्या मालिकेतही बायकोला फसवायलाच सुरुवात केली.

पुढच्या भागात : माया साराभाई, आणि उच्चभ्रूपणाला हसताना आपण नेमके कुणाच्या बाजूचे असतो.