डोसेटॅक्सेल : केशगळती आणि रुग्णाचा माहितीचा अधिकार

प्रस्तावना :
स्तनाच्या कर्करोगावरील रसायनोपचारात डोसेटॅक्सेल या औषधाचे स्थान महत्त्वाचे आहे. युरोपीय यू वृक्षाच्या सुईसारख्या पानांतून मिळणाऱ्या द्रव्यावर रासायनिक प्रक्रिया करून ते तयार केले जाते. फ्रान्समधील पिएर पोतिए यांच्या संशोधनगटाने ते शोधले व १९९६ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. प्रस्तुत लेखात या औषधाच्या दुष्परिणामांचा, विशेषतः केशगळतीचा, विचार केला आहे.

कार्यपद्धती :
पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रे दोन बाजूंना नेण्यासाठी सूक्ष्मनलिका सतत जुळत व सुटत असतात. डोसेटॅक्सेल त्यांना सुटू देत नाही. परिणामी विभाजन अडते व पेशी मरते. मात्र कर्करोगाची पेशी आणि तितक्याच वेगाने विभागणारी निरोगी पेशी यांत हे औषध भेद करीत नाही. केशमुळे व अस्थिमज्जा यांना इजा पोहोचते ती यामुळेच.

दुष्परिणाम :
जिवास सर्वाधिक धोका असतो तो न दिसणाऱ्या परिणामापासून. औषध दिल्यानंतर सुमारे आठव्या दिवशी रक्तातील पांढऱ्या पेशी नीचांकी पातळीवर येतात. या काळात ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ताप आल्यास त्वरित रुग्णालय गाठणे आवश्यक ठरते. याशिवाय हातापायांना मुंग्या येणे, नखे खराब होणे व अंगावर सूज येणे हेही परिणाम आढळतात. सूज कमी राहावी म्हणून आदल्या दिवसापासून डेक्सामेथासोन दिले जाते.

केशगळती साधारणतः दोन ते चार आठवड्यांत सुरू होते. उपचार संपल्यावर बहुसंख्य रुग्णांचे केस पुन्हा येतात. काहींच्या बाबतीत मात्र ते पूर्ववत येत नाहीत. अमेरिकेतील औषधाच्या माहितीपत्रकात अशा कायमस्वरूपी केशगळतीचा उल्लेख २०१५ मध्ये समाविष्ट झाला. त्याच वर्षी तेथे टाळू थंड ठेवणाऱ्या यंत्रास परवानगी मिळाली. थंडीमुळे टाळूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व केशमुळांपर्यंत औषध कमी पोहोचते. तथापि या उपायाने प्रत्येकाचे केस वाचतातच असे नाही.

निष्कर्ष :
‘केस परत येतील’ हे आश्वासन बहुतांशी खरे असले, तरी ते पूर्ण सत्य नव्हे. केशगळती प्राणघातक नसल्याने ती गौण मानली जाते. परंतु आजार लपविण्याचे स्वातंत्र्य रुग्णाकडून हिरावले जाते ते तिच्यामुळेच. म्हणून संमतिपत्रावर स्वाक्षरी घेण्यापूर्वीच तापाचा धोका, केस परत न येण्याची शक्यता व उपलब्ध उपाय या तिन्ही गोष्टी रुग्णास त्याच्या भाषेत सांगितल्या जाव्यात. अपुऱ्या माहितीवर दिलेली संमती ही खऱ्या अर्थाने संमती ठरत नाही.